शुभ शुक्रवारची कथा मराठीत सांगणारे फादर थॉमस स्टीफन्स

ईस्टरच्या आधी येणारा शुक्रवार हा ख्रिस्ती धर्मीयांच्या वर्षातील सर्वांत गंभीर दिवस होय. येशू ख्रिस्ताला याच दिवशी क्रूसावर खिळण्यात आले, अशी श्रद्धा आहे. मृत्यूच्या दिवसाला शुभ कसे म्हणावे, असा प्रश्न दरवर्षी कोणी ना कोणी विचारतो. जुन्या इंग्रजीत त्या विशेषणाला पवित्र असाही अर्थ होता, हे त्याचे एक उत्तर. ख्रिस्ताच्या बलिदानाने मानवजातीचे तारण झाले, या श्रद्धेमुळे तो दिवस शुभ, हे दुसरे उत्तर. पोर्तुगीज भाषेत मात्र हा प्रश्न उद्भवत नाही, कारण तेथे त्याला सरळ पवित्र शुक्रवारच म्हणतात.

वसंतसंपातानंतरच्या पौर्णिमेपाठोपाठ येणाऱ्या रविवारी ईस्टर असतो. त्यामुळे शुभ शुक्रवारची तारीख दरवर्षी चंद्राच्या गतीप्रमाणे बदलते. या दिवशी कॅथलिक चर्चमध्ये मिस्साविधी होत नाही. वेदीवरील वस्त्रे आणि फुले आदल्या रात्रीच उतरवलेली असतात. गुरुवारी सायंकाळी थांबलेल्या घंटा शनिवारच्या रात्रीपर्यंत मुक्या राहतात आणि गोव्यातील अनेक गावांत त्यांच्या जागी मात्राक नावाचे लाकडी वाद्य खडखडवले जाते. संत योहानाच्या शुभवर्तमानातील दुःखसहनाचा वृत्तान्त वाचला जातो आणि त्यानंतर भाविक एकामागोमाग एक पुढे येऊन क्रूसाला वंदन करतात. गोव्यात काही ठिकाणी ख्रिस्ताची मूर्ती क्रूसावरून खाली उतरवून तिची मिरवणूक काढली जाते. घरोघरी उपवास असतो.

आज हा वृत्तान्त वसईत मराठीतून आणि गोव्यात कोंकणीतून ऐकायला मिळतो. चारशे वर्षांपूर्वी तशी स्थिती नव्हती. त्या काळी शुक्रवारचा विधी सकाळी आणि लॅटिनमध्ये होत असे. साष्टी प्रांतातील शेतकऱ्याला, पागी-रेंदेराला किंवा नुकताच बाप्तिस्मा घेतलेल्या ब्राह्मणालाही त्यातील शब्द कळणे शक्य नव्हते. ती कथा मराठी ओवीत आणण्याचे काम एका इंग्रज धर्मगुरूने केले. त्यांचे नाव फादर थॉमस स्टीफन्स.

स्टीफन्स यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यातील बुश्टन या खेड्यात झाला. वडील व्यापारी होते. जन्माचा काळ लक्षात घेण्यासारखा आहे. त्याच्या थोडेसे आधी, १५४८ साली, सहाव्या एडवर्डच्या राजवटीत राखेच्या बुधवारची राख, झावळ्यांच्या रविवारच्या झावळ्या आणि शुभ शुक्रवारी गुडघ्यांवर चालत क्रूसापर्यंत जाण्याची जुनी प्रथा या सर्वांवर बंदी घालण्यात आली होती. १५५३ मध्ये मेरी राणी गादीवर आली आणि या प्रथा परतल्या. १५५८ मध्ये ती वारली आणि एलिझाबेथच्या कारकिर्दीत त्या पुन्हा हद्दपार झाल्या. म्हणजे ज्या पिढीत स्टीफन्स वाढले, तिने बालपणी काही वर्षे जुना पवित्र सप्ताह पाहिला आणि पुढे तो सरकारी हुकमाने नाहीसा होतानाही पाहिला. लोकांची पूजापद्धती वरून आलेल्या आज्ञेने बंद होते तेव्हा काय होते, हे या मुलाला घरबसल्या कळले असणार. पुढे गोव्यात याच प्रश्नाची दुसरी बाजू त्यांच्यासमोर येणार होती.

तरुणपणी स्टीफन्स हे थॉमस पाउंड या श्रीमंत कॅथलिक गृहस्थाच्या सहवासात आले. काही काळ त्यांनी पाउंड यांचा सेवक म्हणवून घेत प्रवास केला. दोघांनीही रोमला जाऊन येशूसंघात प्रवेश करण्याचे ठरवले होते. पण निघण्यापूर्वीच पाउंड पकडले गेले आणि पुढे सुमारे तीस वर्षे त्यांनी एकामागून एका तुरुंगात काढली. स्टीफन्स एकटे रोमला पोहोचले आणि १५७५ च्या ऑक्टोबरमध्ये संघाचे नवशिष्य झाले. इंग्लंडला परतणाऱ्या येशूसंघीयांच्या वाट्याला काय येत होते, हे १५८१ साली लंडनमध्ये फाशी गेलेल्या एडमंड कॅम्पियन यांच्या उदाहरणावरून दिसते. स्टीफन्स यांची वाट मात्र पूर्वेकडे वळली.

४ एप्रिल १५७९ रोजी लिस्बनहून पाच जहाजांचा तांडा गोव्याकडे निघाला. त्यात स्टीफन्स होते. त्या वर्षी ईस्टर १९ एप्रिलला आला, म्हणजे शुभ शुक्रवारी जहाज सुटून तेरा दिवस झाले होते आणि त्यांचा पवित्र सप्ताह भर समुद्रात गेला. साडेसहा महिन्यांहून अधिक चाललेल्या या प्रवासाचे वर्णन त्यांनी गोव्यात उतरल्यावर वडिलांना लिहिलेल्या पत्रात केले आहे. वारे, होकायंत्राचे विचलन, किनारा जवळ आल्याची खूण देणारे पक्षी, हिरड्या सुजून पाय काळेनिळे करणारा रोग आणि त्यात दगावलेली माणसे, या सर्वांची नोंद त्यात आहे. अखेरीस नारळाच्या झाडाविषयीचे कौतुक आहे. एकाच झाडापासून खाणे, पिणे, तेल आणि दोर मिळावेत, याचा या विल्टशरच्या तरुणाला अचंबा वाटला. याच झाडाच्या झावळ्या गोव्याच्या चर्चमध्ये ईस्टरपूर्व रविवारी आशीर्वादित केल्या जातात.

२४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यात उतरले. भारतात स्थायिक झालेले ते पहिले ज्ञात इंग्रज मानले जातात. वडिलांना लिहिलेले ते पत्र रिचर्ड हॅक्लूट यांनी १५८९ मध्ये आपल्या प्रवासवर्णनांच्या संग्रहात छापले आणि इंग्लंडमधील व्यापाऱ्यांनी ते उत्सुकतेने वाचले. ईस्ट इंडिया कंपनीची स्थापना त्यानंतर अकरा वर्षांनी झाली.

स्टीफन्स यांची नेमणूक साष्टीत झाली आणि पुढील चाळीस वर्षे ते बहुतांशी तेथेच राहिले. मुंबईजवळचे साष्टी बेट ते हे नव्हे. मडगाव, राशोल, बाणावली ही गावे असलेला दक्षिण गोव्यातील हा प्रांत होय. स्थानिक लोक आणि पोर्तुगीज त्यांना पाद्री इस्तेवाव या नावाने ओळखत. जन्मगावाच्या नावावरून त्यांना पाद्री बुस्तें असेही म्हटले जाई.

ते आले तेव्हा साष्टीची स्थिती स्फोटक होती. पोर्तुगिजांनी हा प्रांत १५४३ मध्ये ताब्यात घेतला होता. १५६० पासून गोव्यात धर्मन्यायालय सुरू झाले होते. १५६७ मध्ये साष्टीतील मंदिरे मोठ्या प्रमाणावर पाडण्यात आली आणि मूर्ती घेऊन अनेक कुटुंबे नदीपलीकडे निघून गेली. पुराणे वाचणे, कीर्तन करणे यांवर बंधने आली. २५ जुलै १५८३ रोजी कुंकळ्ळी येथे चर्च उभारण्यासाठी जागा पाहण्यास गेलेल्या रुदोल्फ आक्वाव्हिवा यांच्यासह पाच येशूसंघीयांना आणि त्यांच्यासोबतच्या लोकांना ग्रामस्थांनी ठार केले. त्यानंतर गावच्या प्रमुखांना बोलणी करण्याच्या निमित्ताने असोळणे येथील किल्ल्यावर बोलावून पोर्तुगिजांनी त्यांना मारले. चर्चच्या इतिहासात पहिल्या घटनेची आठवण हुतात्म्य म्हणून केली जाते आणि कुंकळ्ळीत दुसऱ्या घटनेची आठवण तितक्याच निष्ठेने जपली गेली आहे.

स्टीफन्स यांनी त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पॅरिसमधील आपला भाऊ रिचर्ड यास लिहिलेल्या पत्रात या हत्याकांडाची हकिकत कळवली. त्याच पत्रात त्यांनी एक वेगळेच निरीक्षण नोंदवले. या देशातील भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनच्या रचनेशी मिळतीजुळती आहे, असे त्यांना आढळले होते. सर विल्यम जोन्स यांनी कोलकात्यात हाच विचार शास्त्रीय रीतीने मांडला तो १७८६ मध्ये, म्हणजे दोनशे वर्षांनी. एकाच पत्रात सहकाऱ्यांच्या मृत्यूची बातमी आणि ज्यांच्या गावात हे घडले त्यांच्या भाषेविषयीचे कुतूहल असावे, यातून या माणसाच्या स्वभावाचा अंदाज येतो.

याच काळात राल्फ फिच, जॉन न्यूबेरी आणि त्यांचे सोबती हे इंग्रज व्यापारी हेर असल्याच्या संशयावरून होर्मुझमध्ये पकडले जाऊन गोव्याच्या तुरुंगात आले. स्टीफन्स यांनी खटपट करून त्यांची जामिनावर सुटका करवली. पोर्तुगालचा मुकुट तेव्हा स्पेनच्या राजाकडे होता आणि स्पेन व इंग्लंड यांच्यातील वैर वाढत होते. एका इंग्रजाने इंग्रजांसाठी शब्द टाकणे जोखमीचे होते. फिच पुढे गोव्यातून निसटले आणि भारतभर फिरून मायदेशी परतले. स्टीफन्स यांनी मायदेश पुन्हा कधी पाहिला नाही. १५८२ मध्ये पोपच्या आज्ञेने पंचांग सुधारले गेले. पोर्तुगालने ते लगेच स्वीकारले, इंग्लंडने १७५२ पर्यंत नाही. त्यामुळे त्यांचा आणि विल्टशरमधील त्यांच्या कुटुंबाचा शुभ शुक्रवार बहुतेक वर्षी एका दिवशी येईनासा झाला.

साष्टीत त्यांनी बोलीभाषा म्हणून कोंकणी आणि ग्रंथभाषा म्हणून मराठी आत्मसात केली. त्या काळी गोव्यात पुराणे आणि काव्ये मराठीत वाचली जात. पैठणचे एकनाथ तेव्हा हयात होते; त्यांचे निर्वाण १५९९ मधले. ओवी हे घराघरांत पोहोचलेले छंदरूप होते, आणि स्टीफन्स यांनी तेच उचलले.

आपण पुराण का लिहिले याची हकिकत त्यांनी ग्रंथाच्या आरंभीच्या भागातच गोवली आहे. चर्चमध्ये मुलांना धर्मशिक्षण दिले जात असताना नवख्रिस्ती झालेला एक ब्राह्मण तेथे येतो आणि पाद्रीला प्रश्न करतो. त्याचे म्हणणे असे की, ही शिकवण चांगली आहे, पण आमची जुनी पुराणे तुम्ही बंद केली आहेत. मग मन रमवायला, वेळ सत्कारणी लावायला तशी दुसरी पुराणे तुम्ही का देत नाही? हा प्रसंग प्रत्यक्ष घडला की कवीने रचला, याने फारसा फरक पडत नाही. त्यात दडलेली व्यथा खरी आहे. ज्या समाजाची रात्रीची कथा, सणाचे वाचन, गावाने एकत्र बसून ऐकण्याची सवय काढून घेतली होती, त्याच्या मनातली पोकळी या प्रश्नातून बोलते. स्टीफन्स यांनी ती ओळखली, हे त्यांचे मोठेपण. पण ती पोकळी निर्माण करणाऱ्या व्यवस्थेचेच ते पदाधिकारी होते, हेही तितकेच खरे आहे. त्यांना केवळ मराठीचा भक्त म्हणून गौरवणारे लेख ही दुसरी बाजू बहुधा वगळतात.

ख्रिस्तपुराण १६१४ मध्ये पूर्ण झाले आणि १६१६ मध्ये राशोल येथील छापखान्यात छापले गेले. कवीचे वय तेव्हा सदुसष्टच्या आसपास होते. मुखपृष्ठावरील पोर्तुगीज शीर्षकात पुराण हा शब्द नव्हता, पण लोकांनी ते पुराण म्हणूनच स्वीकारले. ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्यात विश्वाच्या उत्पत्तीपासून ख्रिस्तजन्मापूर्वीपर्यंतची बायबलमधील कथा ३६ अवस्वरांत येते. दुसऱ्यात ५९ अवस्वरांत ख्रिस्ताचे चरित्र आहे. एकूण ओव्या १०,९६२. आरंभी मराठी ग्रंथांच्या रीतीप्रमाणे नमन आहे. मराठी भाषेची थोरवी सांगताना कवीने रत्ने, फुले, सुगंध, पक्षी, वृक्ष यांतील श्रेष्ठ ते निवडून तिची त्यांच्याशी तुलना केली आहे. शालेय पाठ्यपुस्तकांमुळे हा भाग महाराष्ट्रात सर्वपरिचित झाला. उरलेला ग्रंथ फार थोड्यांनी वाचला.

त्या उरलेल्या ग्रंथातच शुभ शुक्रवार आहे. गुरुवारचे अखेरचे भोजन, शिष्यांचे पाय धुणे, बागेतील रात्र, शिष्याने केलेला घात, पिलाताचा न्यायनिवाडा, फटके, काट्यांचा मुकुट, क्रूस वाहून नेणे आणि टेकडीवरचा मृत्यू हा सर्व भाग दुसऱ्या पुराणाच्या उत्तरार्धात सविस्तर येतो. येथे भाषेपुढे मोठी अडचण होती. स्वर्गाला वैकुंठ म्हणता येत होते, ईश्वराला परमेश्वर म्हणता येत होते. मराठी श्रोत्याला ते शब्द आपले वाटत. परंतु क्रूसाला मराठीत प्रतिशब्दच नव्हता. देवाने अवतार घ्यावा हे श्रोत्यांच्या ओळखीचे होते; त्या अवताराने दोन चोरांच्या मध्ये, राजदरबाराच्या शिक्षेने मरावे, हे अनोळखी होते. पुराणातील देव असुरांचा संहार करून विजयी होतो. या पुराणातील देव मार खातो. स्टीफन्स यांनी क्रूस, सांत, स्पिरितु सांतु असे शब्द पोर्तुगीज किंवा लॅटिन वळणाचेच ठेवले आणि त्यांच्याभोवती ज्ञानेश्वर-एकनाथांच्या परंपरेतील मराठी शब्दकळा विणली. प्रस्तावनेत त्यांनी भाषा मराठी असल्याचे आणि सामान्यांना कळावे म्हणून कठीण शब्द टाळून ब्राह्मणी बोलीतले शब्द मिसळल्याचे सांगितले आहे. ही ब्राह्मणी बोली म्हणजे कोंकणी.

हा ग्रंथ रविवारी आणि सणाच्या दिवशी चर्चमध्ये मोठ्याने वाचला जाई. उपवासकाळात त्याचे महत्त्व विशेष असणार, हे उघड आहे. सकाळी वेदीजवळ लॅटिनमध्ये उच्चारलेला वृत्तान्त पुराणवाचनाच्या वेळी ओवीतून ऐकू येई. लॅटिनची जागा देशी भाषांनी चर्चच्या विधीत घेतली ती दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर, म्हणजे १९६० च्या दशकात. विधी सकाळऐवजी दुपारी होऊ लागला तोही १९५५ च्या सुधारणेनंतर.

एक इच्छा मात्र अपुरी राहिली. १६०८ मध्ये स्टीफन्स यांनी रोममधील संघप्रमुखांना पत्र लिहून स्थानिक लिपीत ग्रंथ छापण्याची परवानगी मागितली होती. मलबारात तसे छापले गेले होते, याकडे त्यांनी लक्ष वेधले. अडचण खिळ्यांची होती. युरोपीय लिपीला दोन डझन अक्षरे पुरत. इथल्या लिपीला जोडाक्षरे धरून सुमारे सहाशे साचे लागतील असा हिशेब होता. अखेर मराठीतला हा महाग्रंथ रोमी लिपीत छापावा लागला.

१६१९ मध्ये स्टीफन्स यांचे गोव्यात निधन झाले. त्यांनी लिहिलेली कोंकणीतील ख्रिस्ती धर्मतत्त्वांची पुस्तिका १६२२ मध्ये आणि कोंकणीचे व्याकरण १६४० मध्ये राशोल येथेच छापले गेले. व्याकरणात दियोगो रिबेरो यांनी भर घातली होती. भारतीय भाषेचे छापील स्वरूपातील ते अगदी आरंभीचे व्याकरण होय. ख्रिस्तपुराणाच्या आणखी दोन आवृत्त्या १६४९ आणि १६५४ मध्ये निघाल्या. त्यांच्या वाटेने इतरही गेले. फ्रेंच येशूसंघीय एतियेन द ला क्रुआ यांनी संत पेत्रावर मराठी पुराण रचले. फ्रान्सिस्कन पंथाचे फ्रान्सिस्को वाझ दि गिमारायस यांचे १६५९ मध्ये प्रसिद्ध झालेले पुराण तर प्रामुख्याने ख्रिस्ताच्या दुःखसहनावर आणि मृत्यूवरच आहे. उत्तर कोकणातील ख्रिस्ती समाजात ते दीर्घकाळ वाचले गेले आणि एकोणिसाव्या शतकात मुंबईत पुन्हा छापले गेले.

मात्र वारा फिरला होता. जून १६८४ मध्ये व्हाइसरॉय काउंट ऑफ आल्व्होर याने स्थानिक भाषेचा वापर थांबवून तीन वर्षांत पोर्तुगीज बोलू लागण्याचा हुकूम काढला. हिंदूंची पुराणे ज्या न्यायाने बंद झाली होती, जवळजवळ त्याच न्यायाने ख्रिस्ती पुराणाची भाषाही संशयास्पद ठरली. ख्रिस्तपुराणाच्या पहिल्या तिन्ही आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही.

ग्रंथ वाचला तो हस्तलिखितांमुळे. गोव्यातून दक्षिणेकडे कर्नाटक किनाऱ्यावर स्थलांतर केलेल्या ख्रिस्ती कुटुंबांनी नकला करून तो जपला. त्यांचा आधार घेऊन जोसेफ सालदान्हा यांनी १९०७ मध्ये मंगळूरहून रोमी लिपीत त्याची आवृत्ती काढली. १९२५ च्या सुमारास जस्टिन अॅबट यांना लंडनमधील मार्सडेन संग्रहात याच पुराणाचे देवनागरी हस्तलिखित आढळले. त्यातील भाषा अधिक संस्कृतप्रचुर असून रोमी पाठाशी ती अनेक ठिकाणी जुळत नाही. मूळ पाठ कोणता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. शांताराम बंडेलू यांनी संपादित केलेली देवनागरी आवृत्ती १९५६ मध्ये पुण्याहून प्रसिद्ध झाली आणि कवीने संघप्रमुखांकडे परवानगी मागितल्यानंतर ३४८ वर्षांनी हे पुराण वाचकांच्या हाती त्यांच्या लिपीत छापून पडले.